बिनवासाची सकाळ

त्या सकाळी वास आला नाही, आणि त्यामुळेच खंडेरावाला जाग आली. नळावरची भांडणं अजून सुरू व्हायची होती. शेजारच्या खोलीतला खोकला झोपलेला होता. डोळे मिटलेलेच ठेवून त्यानं सवयीनं नाकानं हवा ओढली, आणि हाताला काहीच लागलं नाही असं त्याला वाटलं. बोईसरमध्ये राहणाऱ्या माणसाला हवा कशी आहे ते खिडकी उघडून बघावं लागत नाही. सडक्या अंड्यांचा वास आला तर एकीकडची कंपनी, डोकं धरणारा गोडसर वास आला तर दुसरीकडची, आणि घशात आंबट काटा रुतला तर रात्रपाळीत कोणीतरी झाकण उघडं टाकलं, एवढं इथलं शेंबडं पोरही सांगेल. पाहुणे आले की नाकाला रुमाल लावायचे आणि कसे राहता म्हणून विचारायचे. खंडेराव हसून म्हणायचा, अहो, हा वास नाही, हा पगार आहे. अकरा वर्षं रंगाच्या कंपनीत रिअॅक्टरवर काढल्यावर त्याच्या नाकाला चाळीत मान होता. कुठं गळती आहे हे मशीनच्या आधी त्याला कळायचं, आणि ही बढाई तो चारचौघांत मारायचा, कारण मारण्यासारखी दुसरी बढाई त्याच्याकडे नव्हती. आणि आज हवेत काही नव्हतं. गावाकडच्या हवेसारखी कोरी हवा. शुद्ध हवेनं माणसाच्या पोटात गोळा यावा, ही गोष्ट कुणाला सांगितली तर तो वेड्यात काढेल.

दिवाळीनंतर एकेक चिमणी थंड होत गेली होती. मंदी आहे, असं सगळे म्हणत, आणि म्हणताना उगाच वर बघत. गावाकडं दुष्काळ यायचा तेव्हाही माणसं अशीच वर बघायची, पण तिथं निदान ढग दिसायचे किंवा दिसायचे नाहीत. मंदीला ढग नसतात. साहेब म्हणाला, परदेशातून मागणी नाही, पंधरा दिवस घरी बसा. पंधरा दिवसांचे किती पंधरवडे झाले ते खंडेरावानं मोजणं सोडून दिलं होतं. कंपनीच्या गेटवर आता फक्त रामकिसन नावाचा वॉचमन उरला होता. बंद कंपनीत नोकरी टिकलेला तो एकटाच माणूस, आणि त्या रुबाबात तो सगळ्यांना 'आज नहीं, कल देखो' म्हणायचा. खंडेराव सकाळी नाक्यावर उभा राहायचा. नाक्यावर पोरं घेतात, पाठीत बाक आलेला ऑपरेटर कोण घेतो? त्याच्या नखांत वर्षानुवर्षं मुरलेला पिवळा रंग हळूहळू निघून चालला होता. पूर्वी घामानं उशीचा अभ्रा पिवळा व्हायचा आणि बायकोनं, रखमाबाईनं, कितीही घासला तरी तो निघायचा नाही. आता अभ्रा पांढरा राहायचा. त्या पांढऱ्या अभ्र्यावर डोकं टेकताना त्याला रोज कसंतरी व्हायचं. काल संध्याकाळी त्यानं शेवटी रखमाबाईला सांगून टाकलं होतं. समोरच्या खोलीतला देवू येत्या रविवारी आपला संसार टेम्पोत घालून बार्शीला परत चालला होता, अर्धा टेम्पो रिकामाच जाणार होता, त्यात आपण जाऊ. परांड्याजवळच्या खंडेरावाच्या गावातली विहीर यंदा दिवाळीलाच आटली होती. गावी राहणारी त्याची विधवा वहिनी ज्ञानेश्वरी फोनवर म्हणाली होती, "भावजी, घर तुमचंच हाय, या. पर पाण्याचं तेवढं तुमचं तुमी बघा." पाण्याचं तुमचं तुम्ही बघा. दुष्काळात माणूस गाव सोडतो हे सगळ्या जगाला कळतं. दुष्काळात माणूस गावाला परत जातो, याला काय म्हणायचं? पण इथं राहायचं तरी कशाच्या जोरावर? रखमाबाई एका कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जात होती आणि त्या पोळ्यांवर दोघं जगत होते, आणि तेच त्याला टोचत होतं. रविवारचं ऐकून ती 'बरं' एवढंच म्हणाली. रखमाबाईचं 'बरं' म्हणजे होकार नसतो आणि नकारही नसतो, ते नुसतं पातेल्यावरचं झाकण असतं.

ती उठून नळावर गेली होती. खंडेराव पडल्या पडल्या कोरी हवा ओढत राहिला, आणि हळूहळू त्याला एक चमत्कारिक गोष्ट कळू लागली. त्याच्या घराला वास होता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपल्या घराचा वास येत होता: ओल्या भिंतीचा, कांद्याच्या टोपलीचा, देवापुढच्या कालच्या वातीचा, रखमाबाईच्या डोक्याच्या तेलाचा. त्याला क्षणभर बरं वाटलं. आणि मग त्या सगळ्यांच्या खालून, कोपऱ्यातून चोरट्या मांजरासारखा, आणखी एक वास आला. खारट, ओलसर, जुना. तो उठून बसला. बाहेरून असेल, कोळीण आली असेल. पण इतक्या लवकर या चाळीत कोळीण येत नाही आणि त्यांच्या दाराशी तर थांबतच नाही. तो खोलीभर फिरला. मोरी नाही, खिडकी नाही. दोरीवर तिचं कालचं लुगडं होतं, धुऊन घातलेलं. पदराचं टोक त्यानं नाकाशी धरलं. कापूर होता, लिंबू होतं, आणि त्या दोघांच्या पाठीमागं उभा होता तो मासळीचा वास. खंडेरावानं पदर सोडून दिला. या घरात मासा कधी आला नव्हता. दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गावच्या महाराजांच्या हातून दोघांनी एकदमच घेतलेली. खंडेरावाचे वडील सांगायचे, माळ म्हणजे दागिना नव्हे, माळ म्हणजे श्वास. मासमच्छी सोडायची हे तर झालंच, पण काही कारणानं माळ गळ्यातून उतरली तर ती परत गळ्यात पडेपर्यंत अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. बोईसरला नवीन आले तेव्हा बाजारातल्या मच्छीगल्लीच्या तोंडाशी रखमाबाई भडाभडा ओकली होती. पुढं कित्येक महिने ती भाजीला जाताना लांबच्या रस्त्यानं जायची. त्या बाईच्या पदराला हा वास कसा?

ती पाण्याचा हंडा घेऊन आली. तिनं चहा टाकला. खंडेराव भिंतीला टेकून तिच्याकडं बघत राहिला. माळ गळ्यात होती. वाकली की पुढं येत होती, सरळ झाली की मागं जात होती.

"आज वास न्हाई आला," तो म्हणाला.

चहा गाळणारा तिचा हात थांबला. फार नाही, एखादा थेंब चुकावा एवढाच. "कशाचा?"

"कंपन्यांचा. समद्याच बंद पडल्या वाटतं."

"आसंल," ती म्हणाली, आणि कप ठेवून पटकन मागं सरकली. कप ठेवताना त्याला तिची बोटं दिसली. बोटांच्या पेरांवर बारीक बारीक लाल रेघा होत्या, त्यांत हळद भरलेली.

"हे काय झालं?"

"तवा लागला. लई पोळ्या हुत्या काल."

तव्याचा चटका त्यानं आयुष्यभर बघितला होता. चटक्याच्या अशा रेघा नसतात. बंद पडलेल्या कंपन्यांच्या गावात इतक्या पोळ्या खातं कोण, हा प्रश्न त्याला केव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. ज्या नाकाची तो चारचौघांत बढाई मारायचा ते नाक अंथरुणात शेजारी झोपलेल्या बाईच्या हाताचा वास ओळखू शकलं नाही, कारण कंपन्यांनी त्याच्यावर पांघरूण घातलं होतं. आणि काल रात्री ते पांघरूण निघालं. तिलाही ते कळलं होतं, हे त्या थांबलेल्या हातावरून त्याला कळलं. राग आला. पण राग नक्की कशाचा, हे त्याला धरता येईना. मासळीचा म्हणावं तर मासळीनं त्याचं काय केलं होतं? खोटं बोलण्याचा म्हणावं, तर त्या घरात न बोलता किती गोष्टी ठरल्या होत्या! मुलगी स्वरा मनोरला दिलेली. तिला इथलं काही कळू द्यायचं नाही, हेसुद्धा दोघांनी न बोलताच ठरवलं होतं. स्वराचा फोन आला की तो आवाज चढवून म्हणायचा, ड्यूटीवरून आत्ताच आलो बघ. आणि रखमाबाई मागून भांडी वाजवायची, घर भरलेलं आहे असं वाटावं म्हणून.

ती डबा घेऊन बाहेर पडली तसा तोही निघाला. नाक्यापर्यंत त्याचा रोजचाच रस्ता होता, त्यामुळं आपण बायकोच्या मागावर आहोत असं त्याला म्हणावं लागलं नाही. नाक्यावर बिहारची पोरं घोळक्यानं उभी होती, 'दो आदमी चाहिए क्या सेठ' असं कुठल्याही मोटारीला विचारत होती. रखमाबाई त्यांच्या पलीकडून वळली आणि मुरब्याच्या शेअर रिक्षात बसली. मुरबे. समुद्रावरचं कोळ्यांचं गाव. तिकडं कुठली कंपनी आणि कुठलं कँटीन? तो मागच्या रिक्षात बसला. रिक्षा औद्योगिक वसाहतीच्या कडेनं गेली. बंद गेटं, गेटांवर वाळलेली दिवाळीची तोरणं, एक कुत्रं रस्त्याच्या मध्यभागी निवांत झोपलेलं. पूर्वी त्या रस्त्यावर टँकर एकामागून एक असायचे. टँकर म्हटलं की त्याला अजूनही आधी पाणीच आठवायचं. कंपनीतल्या पहिल्या दिवशी ॲसिडचा टँकर आत येताना बघून त्याचा पाय आपोआप घागर शोधायला निघाला होता, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या आधीचं अख्खं वर्ष त्यानं टँकरची वाट बघण्यात घालवलं होतं.

त्या दुष्काळात ते छावणीत राहिले होते. दोन बैल, एक गाय आणि ही दोघं. स्वराला आजीकडं ठेवलं होतं. माळावर मांडव घातलेले, मांडवाखाली जनावरं, जनावरांच्या पायाशी माणसं. तिथला वास त्याला अजून जसाच्या तसा यायचा: शेण, उसाचं वाढं आणि तापलेली धूळ. त्याला तिथं ताप भरला होता, उठता येत नव्हतं. चारा वाटताना नावाचा पुकारा व्हायचा आणि ज्याचं नाव त्यानं पुढं यायचं. 'खंडेराव' असा पुकारा झाला की रखमाबाई उठायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "हाय!" छावणीभर हशा पिकायचा. नवऱ्याचं नाव कधी तोंडातून न काढणारी बाई नवऱ्याच्या नावाला ओ देत होती. तिसऱ्या दिवशी वाटणारा माणूस तिला गमतीनं म्हणाला, या खंडेराव, आणि तिनं पदर कमरेला खोचून पेंढी उचलली. पडल्या पडल्या त्याला ते सगळं ऐकू यायचं. लाज वाटायची आणि गंमतही वाटायची. पुढं एक बैल गेलाच, दुसरा आणि गाय विकून ते इकडं आले. पण त्या पुकाऱ्याची आठवण निघाली की दोघं हसायची. दिवाळीनंतर ती आठवण निघाली नव्हती. तो रिक्षातल्या दांड्याला धरून बसला होता आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. चारचौघांत बोलायचं नाही. बाजूला घ्यायचं. म्हणायचं, माळकऱ्याच्या घरात हे चालणार नाही, चल घरी, रविवारची बांधाबांध कर. वाक्यं चांगली जुळत होती. घाण्याच्या बैलाला वाटावं आपण फार लांब आलो, तसा तो त्या वाक्यांभोवती फिरत होता.

मुरब्याला उतरला आणि त्याला काही शोधावं लागलं नाही. वाऱ्याबरोबरच वास अंगावर आला. किनाऱ्याला समांतर बांबूच्या उंच मांडण्या लांबवर गेल्या होत्या, दोऱ्या ताणलेल्या. कोळी त्यांना वलांड्या म्हणतात. त्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, हजारोंनी, पांढरे, झुलणारे. त्यानं नाक दाबलं नाही. नाक दाबणं म्हणजे पाहुण्यासारखं होईल, असं काहीतरी त्याला वाटलं. ताडपत्रीच्या सावलीत बायका ओळीनं बसल्या होत्या. ओल्या बोंबलांच्या टोपल्या त्यांच्यापुढं. एकीनं बोंबील घेतला, दुसरा घेतला, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली. एक अलीकडं लोंबला, एक पलीकडं. दात सुईसारखे, म्हणून त्या बोटांवरच्या रेघा. ओळीच्या शेवटी, उन्हात, कारण सावली तिथवर पुरत नव्हती, रखमाबाई बसली होती. तिची पाठ त्याच्याकडं होती. मान मोकळी होती. माळ नव्हती. बावीस-तेवीस वर्षांत त्यानं ती मान माळेवाचून बघितली नव्हती. ती त्याला एकदम कुणा परक्या, तरुण बाईची मान वाटली आणि तो ओशाळून दुसरीकडं बघू लागला.

"काय हो दादा, काम पायजे काय?"

डोक्यात अबोली माळलेली, भरल्या अंगाची एक कोळीण त्याच्यासमोर उभी होती. कमरेवर हात. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी घाटावरचे ना? बोईसरचे? हल्ली लय येतात बोईसरचे. कंपन्या बंद ना तुमच्या. मी हंसा. ह्या वलांड्या आमच्या हायत."

"मी..." खंडेराव म्हणाला, आणि जुळवून आणलेली वाक्यं कुठं गेली ते त्याला कळेना. "मी नुसता बघायला..."

"बघायला काय हाय इथं? बोंबील बघायला कोन येतो?" ती हसली. "लाजू नका. पहिल्या दिशी सगले लाजतात. ती बघा, ती शेवटची बाय, तुमच्याच बाजूची. पहिल्या दिशी आली आनि टोपली बघून जी ओकली! मी बोल्ले, गेली ही, परत काय येत नाय. दुसऱ्या दिशी हजर. नाकात कापूर घालून. आता बघा हात कसा चालतो तिचा."

"कशाला येतात त्या?" त्यानं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच दुसऱ्याचा वाटला.

"घरी बसून कंटाला येतो, बोल्ली. नवरा कंपनीत मोठा ऑपरेटर हाय तिचा. त्याचं काम चालू हाय. एकट्याचंच चालू ठेवलंय बोल्ली, त्याच्याशिवाय कंपनीचं पान नाय हलत." हंसानं डोळा मिचकावला. "मला काय कलत नाय? घरी बसून कंटालनारी बाय सकाली पहिल्या रिक्षानं येते काय? पन आपन कशाला बोला. नवऱ्याचं नाव राखते बिचारी, राखूं दे."

खंडेरावानं समुद्राकडं बघितलं. ओहोटी होती, चिखल चमकत होता. म्हणजे आता तो कोण होता? रखमाबाईचा नवरा या घटकेला रिअॅक्टरवर उभा होता, त्याच्यावाचून कंपनीचं पान हलत नव्हतं. तो इथं मुरब्याच्या किनाऱ्यावर उन्हात उभा असूच शकत नव्हता. इथं जो उभा होता त्यानं 'रखमे, चल घरी' असं म्हटलं असतं तर त्या बायकांच्या ओळीपुढं त्या मोठ्या ऑपरेटरचा तिथल्या तिथं मुडदा पडला असता. आणि तिचाही.

"नाव काय तुमचं?"

"रामकिसन," तो म्हणाला. डोक्यात दुसरं नाव आलंच नाही.

"चला रामकिसनदादा. टोपल्या उचलायला मानूस पायजेच हाय. पन तुमाला सांगते, तुमी बी तिच्यासारखंच करू नका. तुमच्या पन गल्यात ती माल हाय, म्हनून सांगते." तिनं आपल्या गळ्यावरून बोट फिरवलं. "ती रोज सकाली येते, माल काढते, माझ्या हातात देते. मी हात धुतल्याशिवाय नाय शिवत तिला, देवाची वस्तू हाय. एकवीरेच्या फोटोजवल ठेवते. संध्याकाली हात धुते, लिंबू घासते आनि परत घालते. ते ठीक हाय. पन तोवर पानी नाय पीत! एवढ्या उन्हात, दिवसभर. माल नाय तर पानी नाय बोलते. किती सांगून पायलं. एकदा चक्कर येऊन पडली तरी तोंड उघडलं नाय. असला कसला हो तुमचा देव?"

संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा चपला काढायच्या आधी माठाकडं जायची. उभ्यानंच दोन तांबे प्यायची, घटाघटा, पाणी हनुवटीवरून गळ्यावर, माळेवर. त्यानं ते रोज बघितलं होतं. कँटीनमध्ये चुलीची धग असते, असं त्यानं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. गावातलं पाणी आटलं म्हणून ज्या बाईला घेऊन तो इथं आला, ती इथं समुद्राच्या काठाला बसून दिवसचे दिवस कोरडी राहत होती, आणि रविवारी तो तिला परत तिथं नेणार होता जिथं पाण्याचं तुमचं तुम्ही बघायचं होतं. वडिलांचे शब्द त्याच्या कानात होते. त्यांनी सांगितलं तेव्हा घरची विहीर भरलेली होती. भरल्या विहिरीच्या काठावर उभं राहून माणूस कसलेही नियम सांगू शकतो, असं पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, आणि मनात आल्याबरोबर त्याला भीती वाटली.

हंसा त्याला ओळीच्या शेवटाकडं घेऊन गेली. "ए रखमा, हा बघ तुज्या गावाकडचा मानूस. रामकिसन. वलखतेस काय?"

रखमाबाईनं मान वर केली. तिच्या हातात दोन बोंबील होते, जबडे अजून अडकायचे होते. ती त्याच्याकडं बघत राहिली. खंडेरावाला वाटलं, आता ही उठेल, आता ही रडेल, आता काहीतरी फुटेल. तिच्या चेहऱ्यावर ऊन होतं, ओठांवर पांढरी साल आली होती. ओठांची ती साल तो रोज बघत होता आणि थंडी आहे म्हणून सोडून देत होता.

"न्हाई वळखत," ती म्हणाली. आवाज स्थिर होता. मग खाली बघून, टोपलीशी बोलल्यासारखी, "त्यांला म्हणावं, गळ्यातली माळ काढून ठिवा. माशाचं पाणी लागंल."

हंसा हात धुवायला गेली. खंडेरावानं माळ डोक्यावरून काढली. मान हलकी झाली आणि त्या हलकेपणानं त्याला कसंतरी झालं, जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं. हंसानं ओल्या स्वच्छ ओंजळीत माळ घेतली आणि घरात नेऊन ठेवली, तिच्या माळेजवळ. मग तो टोपल्या उचलू लागला. किनाऱ्यावरच्या होडीतून वलांडीपर्यंत, वलांडीपासून होडीपर्यंत. टोपलीतलं पाणी खांद्यावरून पाठीवर गळत होतं. एकदा पोटातलं सगळं वर आलं, त्यानं ते गिळलं. येता-जाता तो तिच्याजवळून जायचा आणि दोघं एकमेकांकडं बघत नव्हती. ऊन चढलं. घसा सुकला. त्याला छावणी आठवली, आणि पुकारा झाल्यावर उठलेला तो खणखणीत आवाज. कमाल आहे, त्याला वाटलं, तेव्हा ही माझ्या नावानं उठली होती, आणि आज मी माझ्याच नावानं उठू शकत नाही.

"रामकिसनदादा, ठीक करता तुमी काम," हंसा म्हणाली. "रविवारी येनार काय? रविवारी मोठ्या बोटी लागनार. पुढं पावसालापत्तर काम हाय. पन रविवारी नाय आला तर मी दुसरा मानूस बघेन, आताच सांगते."

रखमाबाईचे हात थांबले. सगळ्या ओळीत तेवढेच दोन हात थांबले होते. तिनं वर बघितलं नाही. मासळीचं पाणी बोटांवरून टपकत होतं.

"येतो," खंडेराव म्हणाला. "ऐतवारी बी येतो."

बोटं पुन्हा चालू झाली. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा, आणि जोडी दोरीवर.

दुपारी हंसानं पाण्याची कळशी आणली. बायका आळीपाळीनं प्यायल्या. रखमाबाईपाशी कळशी आली तशी तिनं नेहमीसारखी मान हलवली आणि ती पुढं सरकवली. पुढं खंडेराव होता. त्यानं तांब्या भरून घेतला. पाण्यात आभाळ हलत होतं. वडील, महाराज, गावची कोरडी विहीर, सगळी माणसं त्याच्याकडं बघत उभी आहेत असं त्याला वाटलं. त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि प्यायला. पूर्ण. मग पुन्हा भरला आणि तिच्यासमोर धरला.

"प्या, बाई," तो म्हणाला.

ती त्याच्या मोकळ्या गळ्याकडं बघत होती. "मी न्हाई पीत," ती पुटपुटली. "पाप लागतं."

"लागलं तर रामकिसनला लागंल."

तिच्या ओठांची कड हलली. ते हसू होतं की रडू, त्याला कळलं नाही, आणि बऱ्याच दिवसांत त्या ओठांवर त्यानं दोन्ही बघितलं नव्हतं. शेजारच्या बायका आपापल्या टोपल्यांत बघत होत्या. रखमाबाईनं हात लुगड्याला पुसले, तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि तोंड समुद्राकडं फिरवून पिऊ लागली. खंडेराव बघत राहिला. पाणी तिच्या उघड्या गळ्यातून खाली उतरत होतं, घोटाघोटानं, थांबत थांबत. ती तांब्या रिकामा होईपर्यंत प्यायली आणि मग त्याच्याकडं न बघता तो परत करत म्हणाली, "आणखी एक द्या."